संरक्षण खात्यातली बाई आणि तिचं संरक्षण

(सावित्रीबाई फुले यांच्या जन्मदिनानिमित्त ३ जानेवारी रोजी इनामगाव, तालुका शिरूर, जिल्हा पुणे इथं महिला मेळावा झाला. त्या वेळी केलेलं हे भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आयाबहिणींनो, मुलींनो, आणि मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या भावांनो,

इनामगाव हे माझं माहेर. मी सहा वर्षांची असताना, म्हणजे १९६८ साली, डेक्कन कॉलेजचे लोक घोड नदीकाठच्या पांढरीत खोदायला आले आणि पुढं बारा-पंधरा हिवाळे येत राहिले. सांकलिया सर, ढवळीकर सर, अन्सारी सर ही नावं आम्ही पोरं घरातल्या माणसांसारखी घ्यायचो. माझी आई तिथं रोजंदारीवर पाट्या उचलायची. साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथं शेती करणारी, घरं बांधून राहणारी माणसं होती, हे तिथं सापडलं. त्यातच मातीची एक डबी निघाली, झाकणाची. डबीच्या आत मातीची बाई, आणि तिला डोकंच नाही. विद्वान लोक म्हणाले ही देवी आहे. आई घरी येऊन म्हणाली, "डोकं नसलेली बाई डबीत बंद करून ठेवायची आन् तिला पुजायचं. हे काय नवं न्हाई आपल्याला."

आज मला इथं बोलवायचं कारण वेगळं आहे. दिवाळीत भाचीच्या मैत्रिणी घरी आल्या होत्या. एकीनं विचारलं, "आत्या, वर्दी न घालता मिलिटरीत नोकरी असते का? आणि ती बायांना देतात का?" मी म्हटलं, असते, आणि मी एकतीस वर्षं केली. तिला ते खरं वाटेना. तेव्हा ठरवलं, एकदा सगळं नीट सांगून टाकावं. कसं लागायचं ते सांगायचंच, पण लागल्यावर काय होतं तेही सांगायचं. नोकरीच्या जाहिरातीत पहिली गोष्ट असते, दुसरी कधीच नसते.

आधी ही नोकरी म्हणजे काय ते. सैन्याला जवान लागतात, तसे कारकून, स्टोअरकीपर, वायरमन, फायरमन, स्वयंपाकी, सफाई कामगार, नर्स, शिक्षक, हिशेबनीस, केमिस्ट, मशीनवरचे कामगार असे लाखो साधे नागरिकही लागतात. ते संरक्षण मंत्रालयाचे नोकर, पण त्यांना हुद्दा नाही, बंदूक नाही आणि सैनिकाची पेन्शनही नाही. आपल्या पुणे जिल्ह्यात तर या नोकऱ्यांची खाणच आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. शेजारची हाय एक्स्प्लोझिव्ह फॅक्टरी १९४० ची. देहूरोडला डेपो आणि कारखाना, दापोडीला सैन्याच्या इंजिनिअरांचं कॉलेज, पाषाणला आणि दिघीला संशोधनाच्या प्रयोगशाळा, खडकवासल्याला एनडीए, पुण्यात दक्षिण कमांडचं मुख्यालय आणि त्यांचे पगार-हिशेब पाहणारं ऑफिस. इथून दौंड गाठलं की पुण्याची गाडी मिळते. आपल्या भागातले कितीतरी पुरुष या नोकऱ्यांवर जगले. बाया किती? तुम्हीच आठवा आणि बोटं मोजा. एका हाताचीही पुरायची नाहीत.

मी या नोकरीत अर्ज करून, परीक्षा देऊन गेले नाही. मी नवऱ्याच्या मरणामुळं गेले. माझ्या पिढीतल्या बहुतेकजणी याच दारानं आत आल्या, म्हणून ते आधी सांगते.

माझं सासर घोडच्या पलीकडं, श्रीगोंदा तालुक्यात. माझे मालक पुण्याजवळच्या संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात मजूर म्हणून लागले होते. कारखान्याचं नाव मी घेणार नाही. १९८८ साली ते आजारानं गेले. मी सव्वीस वर्षांची, मोठा सहा वर्षांचा, धाकटी तीन वर्षांची. मी दहावी पास होते. तेराव्याला पाहुणे जमले, आणि जेवणं झाल्यावर मामंजींनी एक कागद पुढं केला. त्यावर लिहिलं होतं, माझ्या नवऱ्याच्या जागी माझ्या दिराला नोकरी द्यावी, माझी हरकत नाही.

त्या वेळच्या नियमांत अनुकंपा नोकरीसाठी जवळच्या नातेवाइकालाही वाव होता, पण बायकोची संमती लागायची. म्हणजे सही माझीच हवी होती. दीर वाईट नव्हता. म्हणाला, "वैनी, मी पोरांना बघंन." सासूबाई म्हणाल्या, "तू बाईमाणूस, बॉम्बगोळ्याच्या कारखान्यात कशी जाशील? लोक काय म्हणतील?" मी सही करायला पेन हातात घेतलं होतं, हे कबूल करते. माझी आई शेजारी बसली होती. ती एवढंच म्हणाली, "आज नको. ती दमलीया. उद्या करंल." तो उद्या आलाच नाही, कारण रात्री आईनं मला आणि पोरांना उठवून पहाटेच्या एसटीत बसवलं. पुढं दोन वर्षं सासरचं दार बंद होतं.

मी अर्ज केला. आठ महिन्यांनी उत्तर आलं की उपलब्ध जागा स्त्रियांच्या योग्य नाहीत, तरी कुटुंबातल्या पात्र पुरुषाचं नाव कळवावं. बघा, सासरचा कागद आणि सरकारचा कागद, दोन्हींतला मजकूर एकच.

मग कामगार युनियनच्या ऑफिसात गेले. संरक्षण कामगारांच्या अखिल भारतीय फेडरेशनचं नेतृत्व एस. एम. जोशींनी केलं होतं, खडकीचं त्यांचं भवन आजही एसेमच्या नावाचं आहे. तिथं मला एका वडीलधाऱ्या कार्यकर्त्यानं सुषमा गोसाईं यांचा निकाल समजावून सांगितला. तो तुम्हाला सांगते, कारण आपल्या संघटनांतल्या वकील मैत्रिणी सोडल्या तर तो फारसा कुणाला ठाऊक नाही.

सुषमाबाईंचे पती सीमा रस्ते संघटनेत स्टोअरकीपर होते. ते १९८२ साली वारले. बाईंनी लगेच कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला, १९८३ मध्ये परीक्षा दिली, पास झाल्या. तरी खात्यानं नेमणूक दिली नाही. १९८५ मध्ये खात्यानं बायकांच्या भरतीवरच बंदी घातली आणि मग त्या बंदीकडं बोट दाखवलं. बाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ऑगस्ट १९८९ मध्ये न्यायालयानं सांगितलं की कर्ता माणूस गेल्यावर घर लगेच सावरावं यासाठी ही नोकरी असते, ती वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवता येणार नाही, जागा नसेल तर जादा जागा निर्माण करा. आधी पास झालेल्या बाईला नंतरची बंदी दाखवता येणार नाही. नेमणूक द्या.

हा निकाल जोडून मी पुन्हा अर्ज केला. १९९१ साली मला मजूर म्हणून घेतलं. तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांत मी पुण्यात चार घरची धुणीभांडी केली. हे यासाठी सांगते की "तुम्हाला आयती नोकरी मिळाली" असं मला पुष्कळांनी ऐकवलं आहे.

आज नियम काय आहे? ९ ऑक्टोबर १९९८ ची केंद्र सरकारची योजना आहे. तिच्यात विवाहित कर्मचारी वारला तर हक्क बायकोचा किंवा नवऱ्याचा आणि मुलामुलींचा. भाऊ-बहीण फक्त कर्मचारी अविवाहित असेल तर. म्हणजे आज दिरानं कागद पुढं केला तर त्याचा काही उपयोग नाही. हे गावोगाव सांगा, कारण कागद अजून पुढं येतात. दुसरं, या योजनेत स्पष्ट लिहिलं आहे की विधवेनं पुन्हा लग्न केलं तरी तिची नोकरी जात नाही. कितीतरी पोरींना "लग्न केलंस तर नोकरी गेली" अशी भीती घालून बसवून ठेवलं जातं. तिसरं, लग्न झालेल्या मुलीचाही विचार होऊ शकतो, ती खरोखर वडिलांवर किंवा आईवर अवलंबून असेल आणि मागच्या कुटुंबाला सांभाळणार असेल तर. मात्र हेही ऐका, अनुकंपेच्या जागा थेट भरतीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसतात, आणि गरज किती यावर गुण देऊन यादी लागते. हा हमखास हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९४ साली म्हटलेलं आहे. त्यामुळं अर्ज लगेच करायचा, कमावतं कुणी नाही आणि पोरं लहान आहेत याचे कागद पहिल्याच अर्जाला जोडायचे.

आता कारखान्याच्या आत चला. मला जिथं टाकलं तिथं दारू भरण्याचं काम चालायचं. आत काय बनायचं ते सांगणार नाही, गोपनीयतेच्या कागदावर सही केली आहे आणि ती मी पाळते. पण दारातली गोष्ट सांगायला हरकत नाही. अशा इमारतीत धातूची वस्तू न्यायची नसते. एक ठिणगी पुरते. म्हणून बायांनी बाहेरच्या खोलीत बांगड्या, जोडवी, पैंजण, केसातले आकडे, साडीच्या पिना आणि मंगळसूत्र काढून ठेवायचं. नायलॉनची साडी चालत नाही, तिच्यात वीज साठते. सुती कपडे, वेगळे बूट, दारातल्या पट्टीला हात लावून अंगातली वीज जमिनीत सोडायची आणि मग आत.

पहिल्या दिवशी त्या खोलीत आम्ही नऊजणी होतो. माझ्यासारख्या विधवा सहा. तिघी सवाष्ण, वडिलांच्या जागी लागलेल्या. त्यातली एक मंगळसूत्र काढताना रडली. दोन दिवसांनी तिची सासू गेटवर भांडायला आली, आमच्या घराण्याचं वाटोळं करता म्हणून. सिक्युरिटीच्या हवालदारानं त्या म्हातारीला फार चांगलं सांगितलं. म्हणाला, "आजी, हे काढलं तरच तिचा नवरा संध्याकाळी सवाष्णीचा नवरा राहील आणि तीही जिवंत राहील."

मला मात्र त्या खोलीत वेगळंच वाटलं. बाहेर मी "ती विधवा" होते, हळदीकुंकवाला न बोलवायची. त्या दारातून आत गेल्यावर नऊजणींचे नऊ गळे सारखेच मोकळे. कोण सवाष्ण, कोण विधवा, कोण टाकलेली, काही कळायचं नाही. आठ तास आम्ही फक्त कामगार असायचो. पुढं आमच्यातल्या दोघी-तिघींनी बाहेरही ते घालणं सोडलं. कुणी भाषण दिलं नव्हतं त्यांना. रोज काढून आणि घालून त्यांना कळलं की ते काढल्यानं काही होत नाही.

आता संरक्षणाबद्दल. कायद्यानं बाईला संरक्षण दिलं होतं. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात बाईला सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळात कामाला लावायची परवानगी होती, आणि चालत्या यंत्राला तेलपाणी करायला मनाई होती. ऐकायला चांगलं वाटतं. पण कारखान्यातली कमाई असते ओव्हरटाइममध्ये. १९९९ मध्ये कारगिल सुरू झालं, कारखाना रात्रंदिवस चालू लागला. पुरुष दुप्पट पगार घेऊन गेले. आम्हाला सात वाजता गेटबाहेर. यंत्राला हात लावायचा नाही म्हणून ट्रेड टेस्टला बसू देत नसत, आणि ट्रेड टेस्ट नाही म्हणून बढती नाही. मी अनस्किल्डमधून सेमी-स्किल्ड व्हायला अकरा वर्षं घेतली. माझ्याबरोबर लागलेले पुरुष चार वर्षांत झाले. पगाराच्या कागदावर बाई आणि पुरुष यांत एका पैशाचा फरक नव्हता. फरक तो कागद मिळण्याच्या आधी झालेला असायचा.

आणि जे संरक्षण खरोखर उपयोगाचं होतं ते मिळत नव्हतं. त्याच कायद्यात होतं की तीसपेक्षा जास्त बाया असतील तिथं पाळणाघर पाहिजे. आमच्याकडं बाया कधी सत्तावीस, कधी एकोणतीस. तिसाच्या पुढं आकडा गेलाच नाही. एखादी वाढली की एखादीची बदली व्हायची. योगायोग म्हणा. माझी पोरगी शेजारणीकडं वाढली. संडास आमच्या इमारतीपासून दहा मिनिटांवर होता, कपडे आणि बूट बदलून जायचं, पुन्हा बदलून यायचं. म्हणून बाया पाणीच पीत नसत. लघवीच्या आजारानं आमच्यातल्या निम्म्याजणी हैराण होत्या. अर्ज दिले, मोर्चा नेला, युनियनच्या मिटिंगमध्ये विषय मांडला तर आपलेच कार्यकर्ते हसले. शेवटी आम्ही प्रत्येकीनं डॉक्टरची चिठ्ठी आणली, एकोणतीस चिठ्ठ्या एका दिवशी टेबलावर ठेवल्या. तीन महिन्यांत संडास बांधला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून तो जुना फॅक्टरी कायदा गेला आणि नव्या कामगार संहिता लागू झाल्या. आता बाईला तिच्या संमतीनं रात्रपाळीही करता येते. मी याचं स्वागत करते, पण संमती म्हणजे काय हे आपल्याला माहीत आहे. मलाही संमतीचाच कागद दाखवला होता. रात्री दोन वाजता सुटणाऱ्या बाईला घरापर्यंत गाडी आहे का, हे तुमच्यातल्या कार्यकर्त्यांनी जाऊन पाहिलं पाहिजे.

एक गोष्ट जड जाते, तरी सांगते. १९९४ साली आमच्यातल्या एका तरुण मुलीच्या मागं एक वरचा माणूस लागला. स्टोअरमध्ये एकटीला बोलवायचा. तिनं तोंडी तक्रार केली. तिला उत्तर मिळालं, "इथली गोष्ट बाहेर जाता कामा नये. हा संरक्षणाचा कारखाना आहे." दारूगोळ्याच्या गुपितासाठी केलेली सही त्या माणसाच्या गुपितासाठी वापरली. आणि ती पोरगी घाबरली, कारण तिला खरंच वाटलं की बाहेर बोललं तर तुरुंगात जावं लागेल. तिची बदली झाली, त्याची नाही. मी तेव्हा गप्प बसले. दोन पोरं होती, नोकरीला तीनच वर्षं झाली होती. त्या गप्प बसण्याबद्दल मी तिची नंतर माफी मागितली. ती म्हणाली, "ताई, तुम्ही नुसत्या माझ्याबरोबर ऑफिसच्या दारापर्यंत आला असतात तरी पुरलं असतं."

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विशाखा निकाल दिला, २०१३ मध्ये कायदा झाला. त्यात प्रत्येक ऑफिसात समिती हवी, अध्यक्ष बाई हवी, निम्म्या तरी बाया हव्यात आणि बाहेरच्या संस्थेची एक सदस्य हवी. तक्रार तीन महिन्यांत करायची, कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. सरकारी नोकरीत या समितीचा अहवाल हीच खात्याची चौकशी धरली जाते, पुन्हा नव्यानं साक्ष द्यावी लागत नाही. माझी संघटनांना विनंती आहे की बाहेरची सदस्य कोण आहे ते विचारा. अनेक ठिकाणी ती साहेबाच्या ओळखीची असते. आणि पोरींनो, पाठ करून ठेवा. गोपनीयतेचा कायदा देशाच्या गुपितासाठी आहे. साहेबाच्या वागणुकीसाठी नाही.

न्याय मागायचा कुठं, तेही सांगते. आपण केंद्र सरकारचे नोकर असलो तरी संविधानाच्या ३११ व्या कलमाचं संरक्षण संरक्षण खात्यातल्या नागरी नोकरांना नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७१ साली ठरवलं. पण म्हणून कुणी उद्या सकाळी हाकलून देऊ शकत नाही. १९६५ चे शिस्त आणि अपिलाचे नियम आपल्याला लागू आहेत, आरोपपत्र आणि चौकशी लागते. दाद मागायला १९८५ च्या कायद्यानं झालेलं केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, आपल्यासाठी मुंबईचं खंडपीठ. सैनिकांचं न्यायाधिकरण वेगळं आहे. तिकडं अर्ज करून वर्ष घालवलेली बाई मी पाहिली आहे.

आपल्या चळवळीतल्या मैत्रिणी मला एक प्रश्न विचारतात. तू बाई असून मारायची साधनं बनवलीस, तुला काही वाटलं नाही का? वाटलं. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या कारखान्यांत बाया दारू भरायच्या, त्या रसायनानं त्यांची कातडी पिवळी पडायची, लोक त्यांना पिवळे पक्षी म्हणायचे. युद्ध संपलं आणि त्यांना घरी पाठवलं. मी जेव्हा हे वाचलं तेव्हा माझ्या हाताकडं पाहिलं. कारगिलच्या वेळी आपल्या तालुक्यांतली पोरं सीमेवर होती. त्यांना गोळी कमी पडू नये असं मला वाटायचं, आणि पलीकडंही कुणाची तरी पोरं आहेत हेही वाटायचं. याचं उत्तर मला सापडलेलं नाही. पण जे मला हा प्रश्न विचारतात त्यांनी त्याच कारखान्यातल्या पुरुषाला तो विचारल्याचं मी ऐकलं नाही. आणि धोका पलीकडच्यालाच असतो असंही नाही. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत स्फोट झाला, आठ कामगार गेले. त्यांच्या घरीही कुणीतरी आता अनुकंपेचा अर्ज लिहिला असेल.

आता मुलींनो, तुमच्यासाठी. वह्या काढा.

दहावी झाली असेल तर स्टाफ सिलेक्शन कमिशनची एमटीएस परीक्षा, बारावीला सीएचएसएल, पदवीला सीजीएल. कमिशनच्या या परीक्षांना मुलींना फी नाही. २०२३ पासून एमटीएस आणि सीएचएसएलचा पेपर मराठीतही देता येतो, त्यामुळं इंग्रजी शाळेत गेले नाही हे कारण संपलं. डेपो, वर्कशॉप, एमईएस यांच्या जाहिराती 'रोजगार समाचार'मध्ये येतात, ग्रामपंचायतीनं तो लावावा अशी मागणी करा. फायरमन, ट्रेड्समन मेट अशा जागांना धावण्याची, वजन उचलण्याची चाचणी असते. उसाच्या मोळ्या उचलणाऱ्या पोरींना ती अवघड नाही. आयटीआय करणाऱ्यांनी शिकाऊ उमेदवारीचा अर्ज करावा. प्रयोगशाळांमध्ये तंत्रज्ञांच्या जागा निघतात. आणि ज्यांना यूपीएससी करायची आहे त्यांनी लक्षात ठेवा, संरक्षण लेखा सेवा आणि संरक्षण संपदा सेवा त्याच परीक्षेतून मिळतात.

विधवा, घटस्फोटित आणि कोर्टानं विभक्त केलेल्या, पुन्हा लग्न न केलेल्या बायांना गट क साठी वयाची सवलत ३५ पर्यंत आहे, अनुसूचित जातीजमातींना ४० पर्यंत. ज्या नुसत्याच टाकलेल्या आहेत, कोर्टात गेल्याच नाहीत, त्यांना ही सवलत मिळत नाही. म्हणून कोर्टाचा कागद करून घ्या.

कागदांचं सांगते, कारण पोरी अभ्यासात नाही, कागदात नापास होतात. जातीचा दाखला माहेरचा, वडिलांच्या नावाचा. ओबीसींना केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा लागतो, राज्याचा चालत नाही, आणि नॉन-क्रीमीलेअर आईवडिलांच्या स्थितीवर ठरतं, नवऱ्याच्या पगारावर नाही. लग्नानंतर नाव बदलायची घाई करू नका, दाखल्यावरचं नाव तेच ठेवलं तर पुष्कळ हेलपाटे वाचतात. पोलीस पडताळणीच्या फॉर्मवर तुमच्यावर केस असेल तर खरं लिहा, लपवलं तर तेच अंगाशी येतं. नवऱ्याविरुद्ध तुम्ही केलेली तक्रार म्हणजे तुमच्यावरची केस नव्हे. त्या भीतीनं मार खात बसू नका.

आणि पैसे. १ जानेवारी २०१६ पासून केंद्राच्या गट क च्या नोकऱ्यांना मुलाखतच नाही. मुलाखत नाही तर कुणी कुणाला आत घालणार कसा? "मिलिटरीत लावतो, तीन लाख द्या" असं म्हणणारा माणूस फसवा आहे, मग तो कितीही जवळचा पाहुणा असो. या फसवणुकीत पहिल्यांदा बाईचे दागिने जातात.

शेवटचं. मी गेले तेव्हाची नोकरी आणि आताची नोकरी एक नाही. १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. १ ऑक्टोबर २०२१ ला सरकारनं ४१ ऑर्डनन्स कारखाने सात कंपन्यांत वाटले, दारूगोळ्याच्या कंपनीचं मुख्य ऑफिस पुण्यातच आहे. जुने कामगार केंद्राचे नोकर म्हणून प्रतिनियुक्तीवर धरले गेले. नव्यांना धोक्याच्या इमारतीत ठरावीक मुदतीच्या कंत्राटावर घेण्याच्या जाहिराती निघतात. ज्या इमारतीत मी मंगळसूत्र काढून जात होते त्याच कामासाठी आता मुदतीची पोर. तिला सहा महिन्यांची पगारी बाळंतपणाची रजा, दोन वर्षांची बालसंगोपन रजा, ज्या आम्हाला २००८ मध्ये मिळाल्या, त्या मुदत संपल्यावर कुठून मिळणार? तेव्हा जाहिरात वाचताना आधी शोधा, जागा कायम आहे की मुदतीची, मालक केंद्र सरकार की कंपनी. मुदतीची असली तरी जा, हातात काम येतं. पण डोळे उघडे ठेवून जा, आणि गेल्यावर पहिल्या महिन्यात युनियनची पावती फाडा.

३० मे २०२५ ला खडकवासल्याच्या एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, सतरा जणी. टीव्हीवर पाहताना माझे डोळे भरून आले. पण त्यांचे गणवेश शिवणारी, त्यांचं जेवण करणारी, त्यांच्या पगाराची बिलं काढणारी बाई टीव्हीवर नव्हती. तिच्याबद्दल बोलायला मी आले.

आई आता नाही. तिनं त्या रात्री मला एसटीत बसवताना पेन माझ्या हातातून काढून स्वतःच्या कनवटीला लावलं होतं. ते मी निवृत्त होईपर्यंत वापरलं. माझी एवढीच मागणी आहे. तुमच्या घरात, शेजारी, आळीत एखादी पोर विधवा झाली आणि तेराव्याला तिच्यापुढं कागद आला, तर तुमच्यातल्या कुणीतरी शेजारी बसा, आणि म्हणा, "आज नको, उद्या करंल." पुढचं आम्ही बघू.

कुणाला अर्ज भरायचा असेल तर मी संध्याकाळपर्यंत शाळेतच आहे. कागद घेऊन या.